न फाटलेल्या जर्सी

दर सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला तो यायचा आणि माझ्या मशीनशेजारी जर्सींनी भरलेली काळी पिशवी धपकन टाकायचा. बर्फावरच्या हॉकीचा कोच होता तो. खेळाडू पगारी, पण टीम लहान, टीव्हीवर दिसतात त्यातली नव्हे. त्यामुळे फाटके कपडे शिवायला नेणंही त्याच्याच गळ्यात पडलेलं. मी तेव्हा अमेरिकेतल्या डब्लिनला आमच्या बेसमेंटमध्ये शिवण करायचे, साडीचे फॉल, ब्लाउज, पँट आखूड करणं, असलं सगळं. शेजारच्या पोरी मला काकू म्हणतात हे ऐकून तोही काकूच म्हणायचा. माझं नावच काकू असं वाटायचं त्याला. केस माझ्यापेक्षा पांढरे! मीही कधी दुरुस्त केलं नाही.

"काकू, पहिले दोन पिरियड काय सुरेख खेळलो! तिसऱ्यात पोरं झोपली."

वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड असतात त्यांचे, आणि हा गृहस्थ हरायचा तो कायम तिसऱ्यात. मग तासभर माझं डोकं खायचा. पोरांना जिद्द नाही, पोरं सारखी फोनवर, पोरं पिझ्झा हाणतात. मी आपली सुईत दोरा ओवत हूं हूं करायची. त्या वर्षी मालकाने त्याला बजावलं होतं, टीम बाद फेरीत गेली नाही तर तुझी नोकरी संपली. त्यामुळे त्याची कटकट वाढत चाललेली, आणि ती ऐकून माझी चिडचिडही.

आता मला हॉकीतलं ओ की ठो कळत नाही. पण कापड कळतं. निवडायचा कंटाळा म्हणून तो सगळ्याच जर्सी आणायचा. त्यात पुढे खेळणाऱ्या बाराजणांच्या बारा. सहांची कोपरं उसवलेली, चेंडूऐवजी असते त्या रबरी चकतीचे धुऊनही न गेलेले काळे फराटे, गळे ताणून ढिले. आणि उरलेल्या सहा? दुकानातून आत्ता आणल्यासारख्या! महिनाभर बघितलं आणि मग राहवेना.

"हे सहाजण खेळत नाहीत का हो?"

"खेळतात की. थोडं थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"अहो, भरवशाचे नाहीत ते. मोक्याच्या वेळी कसं पाठवणार त्यांना बर्फावर?"

"मग तुमचे भरवशाचे तिसऱ्या पिरियडपर्यंत दमणार नाहीत तर काय होईल? झोपत नाहीत ते. मेलेले असतात दमून!"

तो लालेलाल झाला. "काकू, पँट कशी आखूड करायची हे मी तुम्हाला सांगतो का?"

"सांगता की! दर सोमवारी सांगता, टाके घट्ट घाला म्हणून."

पिशवी उचलून गेला तरातरा. जिन्यावर आमचे हे उभेच होते. म्हणाले, "झालं समाधान? आता क्रिकेट बोर्डालाही एक पत्र टाक."

पुढचे दोन सोमवार तेच. तिसऱ्यात झोपली, पिझ्झा, फोन. आणि सहा जर्सी कोऱ्या करकरीत. एवढं डोळ्यांसमोर असून माणसाला दिसू नये म्हणजे काय! तिसऱ्या सोमवारी मी तोंड उघडलंच नाही. टेबलावर दोन ढीग लावले, एक मळका, एक कोरा, आणि चहा करायला वर गेले. खाली आले तर तो कोरी जर्सी हातात धरून उभा. कोपर चाचपत होता.

"याची आई चार तास गाडी चालवून येते दर मॅचला," म्हणाला. "हा बाकावर बसलेला, तेवढं बघते आणि परत जाते."

मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

सीझनची शेवटची मॅच त्या शनिवारी होती. जिंकले तरच बाद फेरी. सोमवारी तो आला, पिशवी पालथी केली. बाराच्या बारा जर्सी मळलेल्या, फाटलेल्या. त्या आईच्या मुलाच्या जर्सीची तर बाही पार लोंबत होती.

"जिंकलात?" मी उडालेच.

"नाही. पहिल्या पिरियडमध्येच तीन गोल खाल्ले. पण तिसरा पिरियड आपला, काकू! दोन गोल केले. सगळे पळत होते शेवटच्या मिनिटापर्यंत."

"अहो, पण हे नोव्हेंबरात करायचं होतं ना! मार्चमध्ये काय करायचंय त्या पळण्याचं?"

"हो," म्हणाला. "सकाळीच मालकाचा फोन आला."

"मग गेली ना नोकरी? आणि जर्सी कशाला घेऊन आलात शिवायला?"

"नवीन कोच येईल. त्याच्या हातात फाटक्या कशा देऊ?"

मला असा काही राग आला, त्याचा, मालकाचा, सगळ्यांचाच, की मशीनवर दोनदा सुई मोडली. बारा जर्सींना दुपार झाली. तोही गेला नाही. स्टुलावर बसून, चष्मा नाकावर ओढून, लोंबणारे धागे कापून देत राहिला, आणि तेही नको तिथून.