व्हर्ना आणि दोन्ही काठांची कोर्टं

व्हर्ना स्टटलर आमच्या शाळेच्या जेवणघरात वाढायची. कुठलं पोर घरून उपाशी आलंय, हे तिला ताट पुढे येण्याआधीच कळायचं. तिचं बोलणं तोडून टाकणारं होतं, पण वाढताना हात सैल असायचा.

तिची मुलगी क्रिस्टा नदीपलीकडे, वेस्ट व्हर्जिनियात, ड्वेन नावाच्या माणसाबरोबर राहते. आम्ही अलीकडचे, ओहायोतले. गेल्या वसंतात एका शुक्रवारी क्रिस्टाने सात वर्षांच्या टेसाला आजीकडे सोडलं. अंघोळ घालताना व्हर्नाला तिच्या पाठीवर सिगारेटचे चटके दिसले.

"कुणी केलं गं?"

"माझ्याकडून ड्वेनचं दूध सांडलं, मॅमॉ." आजीला ती मॅमॉच म्हणते.

व्हर्नाने आमच्या बालसंरक्षण कचेरीत फोन केला. ते म्हणाले, पोर पलीकडचं, तिकडे विचारा. तिकडचे म्हणाले, पोर सध्या तुमच्याकडे आहे ना, मग सुखरूप आहे. शेवटी एका वकिलाने नीट सांगितलं: ताब्याचा कायमचा निर्णय पलीकडच्याच कोर्टाचा, पण मुलगी ओहायोत आहे आणि तिला धोका आहे, तोवर इथला न्यायाधीश तातडीचा तात्पुरता हुकूम देऊ शकतो. "सोमवारी सकाळी घेऊन या. तोवर तिला इथून हलवू नका."

शनिवारी व्हर्नाने क्रिस्टाला फोनवर ठणकावलं, "पोरगी परत मिळायची नाही." आणि रविवारी टेसाला घेऊन ती चर्चला गेली.

चर्च पुलापलीकडे आहे. आमच्याकडे पाव अलीकडे घेतात, देवाला पलीकडे जातात. पुलावरून जाणं म्हणजे राज्य सोडणं, असं कुणाच्या मनातही येत नाही. त्यातून त्या दिवशी प्रार्थनेनंतरच्या जेवणाला शेंगांची भाजी तिच्याकडे होती. क्रिस्टा दारातच उभी होती. सोबत पोलीस, हातात टेसाचा ताबा आईकडे देणारा पलीकडच्या कोर्टाचा जुना हुकूम. टेसा गेली. ड्वेन गाडीतून उतरलाही नाही.

सोमवारी आमचे न्यायाधीश म्हणाले, मुलगी या राज्यात नाही, माझा अधिकार संपला.

वकील बाहेर येऊन चिडला. "हलवू नका म्हटलं होतं ना, बाई?"

"मी तिला क्रिस्टाकडे नाही पाठवलं. चर्चला नेलं."

पलीकडच्या कोर्टात तारीख मिळेपर्यंत उन्हाळा लागला. दोन्ही न्यायाधीश फोनवर बोलले होते आणि एकमेकांच्या हद्दीचा मान राखल्याबद्दल त्यांनी आभार मानले, हे वकिलाने मला कौतुकाने सांगितलं. व्हर्नाने त्या शुक्रवारी फोनवर काढलेल्या फोटोंवरून चटके कुणी दिले ते ठरत नाही म्हणे. पाठ बरी झाली होती, म्हणून तातडीही उरली नव्हती. टेसा क्रिस्टाकडेच राहिली.

"म्हणजे ओले असतानाच आणायला हवे होते," व्हर्ना न्यायाधीशांना म्हणाली. "पुढच्या वेळी लक्षात ठेवीन, साहेब."

त्यांनी तिला सभ्यपणे बोलायला सांगितलं. सभ्यपणे!

पानगळीच्या आत व्हर्नाने नदीकाठचं घर विकलं आणि पलीकडे, क्रिस्टाच्या घराच्या बरोबर समोर एक खोली भाड्याने घेतली. मी भेटायला गेले तेव्हा ती खिडकीशी बटाटे सोलत होती.

"पडदे लाव की," मी म्हटलं.

"कशाला? दिसू दे मी त्याला."

फुकट सांभाळणारी मिळाली म्हणून क्रिस्टा गप्प आहे. शाळा सुटली की टेसा आधी तिथेच येते, आणि व्हर्ना तिला निजायच्या वेळेपर्यंत सोडत नाही. कोर्टाने याला मनाई केलेली नाही. बहुधा सुचलं नसावं.