बदल्यात आलेली पाहुणी

बोट मुंबईच्या धक्क्यावरून हलली तेव्हा बाकीच्या बायका रुमाल हलवत होत्या आणि मी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेली यादी तपासत होते. साड्या सहा, शाल एक, शिवणाचा डबा, वह्या, बोट लागू नये म्हणून आवळकाठी, खोबरेलाच्या दोन बाटल्या, यजमानीणबाईंसाठी फणसपोळी. शेवटच्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या होत्या : कोणालाही त्रास द्यायचा नाही.

मी रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेत शिकवते. तेव्हा वय चव्वेचाळीस. जूनपासून शाळेत अरबीचा वर्ग सुरू व्हायचा होता आणि तो कोणी घ्यायचा हा प्रश्न होता. लहानपणी मदरशात शिकलेली अरबी मला घडाघडा वाचता येई, पण बोलायला गेले तर पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. आमच्या संस्थेने कुवेतमधल्या शिक्षिकांच्या एका विद्यालयाशी अदलाबदल ठरवली. पाच महिने मी तिकडे अरबी शिकायची आणि तिकडची एकोणीस वर्षांची बद्रिया रत्नागिरीला येऊन बालवाडीचं शिक्षण घेणार. तिने माझ्या घरी राहायचं, मी तिच्या. ती आदल्या आठवड्याच्या बोटीने निघाली होती, तेव्हा आमच्या दोघींच्या बोटी समुद्रात कुठेतरी एकमेकींना ओलांडून गेल्या असणार.

आवळकाठीचा काही उपयोग झाला नाही. मस्कत येईपर्यंत मी आडवीच होते. मस्कतला उठून बसले, बहारीनला चहा प्याले आणि नवव्या दिवशी कुवेत आलं. आपल्याकडे किनारा लांबून कळतो, डोंगर दिसतो, माड दिसतात. इथे पाण्याचा रंग फिका होत गेला, आणखी फिका झाला आणि बघता बघता त्याच रंगाची जमीन झाली.

न्यायला बद्रियाचा थोरला भाऊ सालेम आला होता. कुठल्याशा खात्यात नोकरीला, बोलायला मोजका, मोटार मात्र सुसाट. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि सगळ्या शहराने एकदमच घर बदलायला काढल्यासारखं दिसत होतं. एका बाजूला मातीच्या भिंती पाडत होते, दुसऱ्या बाजूला सिमेंटच्या चढवत होते, आणि दोन्हींची धूळ मोटारीत येत होती.

सालेमच्या आईला सगळे उम्म सालेम (सालेमची आई) म्हणत. वयाने माझ्याएवढीच, अंगाने माझ्या दुप्पट. तिच्या मरहूम नवऱ्याचा खजुराचा व्यापार होता, त्यामुळे लग्नानंतरची बारा वर्षं तिने मुंबईत मांडवीला काढली होती आणि हिंदी तिथेच उचलली होती. मला दारात पाहिल्यावर तिचा पहिला प्रश्न :

"आओ, आओ. मांडवी में नल अभी भी सुबह चार बजे आता है क्या?"

"मी रत्नागिरीची," मी म्हटलं.

"वहाँ नल नहीं?"

"वहाँ कुआँ है."

ती जराशी गंभीर झाली. तिच्या घरी समुद्राचं पाणी गोड करून टँकरने येत होतं. विहिरीची गोष्ट तिने मनात कुठेतरी नोंदवून ठेवली, हे मला फार उशिरा समजलं.

मला बद्रियाची खोली मिळाली. खिडकीत तिची जुनी बाहुली होती, उशीला उदाचा वास होता. पहिल्याच संध्याकाळी जेवायला मच्बूस (मसाल्याचा भात, वर अख्खं मटण) आणि दुसऱ्या दिवशी जुबैदी. जुबैदी म्हणजे काय हे ताट पुढे येईपर्यंत कळलं नव्हतं. ते आपलं पापलेट! इतक्या लांब येऊन गाववाला भेटल्यासारखं झालं. उम्म सालेम माझ्यापुढे मासा सोलून, काटे काढून ठेवायची. मी म्हणायचे, "रत्नागिरीच्या बाईला काटे काढून देता?" ती हसायची नाही. आणखी एक तुकडा ठेवायची.

शिक्षिकांच्या विद्यालयात माझ्या वर्गातल्या मुली अठरा-एकोणीस वर्षांच्या. बाक त्यांच्या मापाचे. शिकवायला इजिप्तच्या एक बाई होत्या, अब्ला नजवा (अब्ला म्हणजे बाई, शिक्षिका). मी पहिल्या दिवशी उभं राहून ओळख करून दिली तर सगळा वर्ग खाली मान घालून हसू दाबतोय. अब्ला म्हणाल्या, "छान. फक्त तुम्ही बोलता तेव्हा शुक्रवारचा खुत्बा (मशिदीतलं प्रवचन) सुरू झाल्यासारखं वाटतं." पोथीतल्या भाषेत मी कोपऱ्यावरच्या बक्काल्यात (किराणा दुकानात) कांदे मागितले, तेव्हा दुकानदाराने आधी हात जोडल्यासारखे छातीवर ठेवले आणि मग कांदे दिले. मी घरी येऊन नवी यादी सुरू केली : 'लोक प्रत्यक्षात काय म्हणतात.' महिन्याभरात ती चाळीस पानांवर गेली.

घरात मी माझ्या नियमाप्रमाणे वागत होते. पहाटेची नमाज झाली की स्वतःची गादी गुंडाळायची, गच्चीवर कपडे धुवायचे, चहा स्वतः करून घ्यायचा, जेवल्यावर ताट घासून पालथं घालायचं. मोलकरीण हातातून ताट घ्यायला आली की मी तिला हसून बाजूला करायचे. मला वाटत होतं, अशी पाहुणी कोणाला नको असेल? पण उम्म सालेम दिवसेंदिवस गप्प होत चालली. टपालाची बोट आली की ती बद्रियाचं पत्र दोनदा वाचून घ्यायची आणि मग माझ्याकडे बराच वेळ बघायची. मुलगी लिहायची, "मी मजेत आहे." पण मजेत नसलेली मुलगीही आईला तेच लिहिते, हे आम्हां दोघींनाही ठाऊक होतं.

जानेवारीत दोन सरी पडल्या आणि वाळवंटावर पोपटी लव आली. अशा वेळी इथली कुटुंबं शहर सोडून बर्र (मोकळं वाळवंट) गाठतात, तंबू ठोकतात. आम्हीही गेलो. वाटेत दूर मीना अल-अहमदीच्या बाजूला तेलाच्या धुराड्यांवरच्या ज्वाळा दिसत होत्या, आणि त्यांच्याकडे पाठ करून एक म्हातारा शांतपणे उंट चारत होता. तंबूत गालिचे, तक्के, इस्तिकानमधून (कमरेत बारीक असलेला काचेचा पेला) काळा गोड चहा. इतकी मोकळी हवा मी आजवर खाल्ली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे झोपलेले पाहून मला उत्साह आला. आदल्या दिवशीची सगळी भांडी मी बाहेर नेली आणि वाळूने घासून लख्ख केली. तंबू झाडला. शेवटचं पातेलं उन्हात ठेवून वळले, तर उम्म सालेम दारात उभी. डोळ्यांत पाणी.

"सालेम!" तिने हाक मारली, आणि मलाही कळावं म्हणून हिंदीतच म्हणाली, "अगला बोट का टिकट निकालो. बद्रिया को वापस बुलाओ."

मी हातातली चिंधी घेऊन तशीच उभी राहिले. बद्रिया परतली तर तिचा अभ्यासक्रम अर्धवट राहणार, तिला पुन्हा कोणी पाठवणार नाही. अदलाबदल मोडली की मलाही निघावं लागणार, आणि जूनमध्ये आमच्या मुलींपुढे उभं राहून मी खुत्बाच देणार.

"पण झालं काय?" मी विचारलं.

"तुम क्या हुआ पूछता है? तीन महीना हम देखता है. तुम कपड़ा धोता, चाय बनाता, अभी सबका बर्तन भी घिसता. हमारे घर में तुमको ऐसा रहना पड़ता है, तो तुम्हारे घर में हमारा बेटी क्या करता होगा? कुएँ से पानी भरता होगा!"

सालेमने माझ्याकडे पाहिलं. "आईचा हिशोब सरळ आहे," तो अरबीत म्हणाला. हे वाक्य मला पहिल्याच वेळी समजलं, याचा त्या स्थितीतही थोडा आनंद झाला. "तुम्हांला जेवढं जपू तेवढं तिकडे बद्रियाला जपतील, असं ती धरून चालली आहे. आणि तुम्ही तिला जपूच देत नाही."

आता पंचाईत अशी की उम्म सालेमचं म्हणणं खरं होतं. ह्यांचं पत्र माझ्या पिशवीत होतं. त्यात लिहिलेलं : 'पोरगी स्वतःचं ताट घासते, सकाळी विहिरीवरून कळशी आणते.' कोणाकडून काही लपवायची मला सवय नाही, आणि त्या बाईचे डोळे पाहिल्यावर खोटं सांगणं शक्यही नव्हतं. मी पत्र काढलं. म्हटलं, सगळं वाचते. एक शब्द गाळणार नाही. मग काय ठरवायचं ते ठरवा.

गालिच्यावर बसून मी वाचत गेले आणि हिंदी करत गेले. ताट आलं. उम्म सालेमने सालेमकडे पाहिलं. कळशी आली. तिने डोक्यावरच्या ओढणीचं टोक तोंडाला लावलं. मग पुढचं आलं :

'पहिल्या दिवशी कळशी उचलताना अर्धी सांडली, आता शेजारच्या पोरींशी पैज लावून आणते. कुलसुम तिला रोज संध्याकाळी ओट्यावर पुढ्यात घेऊन बसते आणि डोक्याला तेल घालते. पोरगी नको नको म्हणते, पण वेळ झाली की स्वतःच तेलाची वाटी घेऊन हजर. काल बालवाडीत तिने मुलांना अरबी गाणं शिकवलं. आता अख्खी गल्ली ते चुकीचं म्हणते आहे.'

उम्म सालेमने हात वर केला. "ठहरो. तेल कौन लगाता है?"

"कुलसुम. माझी नणंद."

"रोज?"

"रोज."

"जोर से लगाता है कि ऐसा ही?"

"तिच्या हाताखालून गेलेला माणूस अर्धा तास डोकं धरून बसतो," मी म्हटलं.

पहिल्यांदाच ती हसली. मग बराच वेळ गालिच्याचे गोंडे ओढत बसली. शेवटी म्हणाली, "सालेम, टिकट रहने दो." आणि माझ्याकडे वळून, "तुम अपना थाली धोओ. अपना! हमारा पातेला को हाथ लगाया तो देखो. और इधर बैठो."

"कशाला?"

"बैठो बोला ना."

घरून आणलेल्या खोबरेलाची दुसरी बाटली तिने सामानातून काढायला लावली. मी चव्वेचाळीस वर्षांची, चाळीस मुलींची बाई, वाळवंटात तंबूच्या दारात तिच्या गुडघ्यांमध्ये मान घालून बसले. आई गेल्यापासून माझ्या डोक्याला दुसऱ्याचा हात लागला नव्हता. तिने भांग पाडला, तेल जिरवलं, घट्ट वेणी घातली, आणि मध्येच म्हणाली, "सीधा बैठो, युम्मा." युम्मा म्हणजे आई, पण इथल्या आया प्रेमाने आपल्या लेकरांनाच ही हाक मारतात. मी सरळ बसले.

त्यानंतर रोज संध्याकाळी हा कार्यक्रम ठरलेला. तिचं तेल चोळणं आणि माझं अरबी बोलणं एकाच वेळी चाले. चुकले की वेणीला हिसका. शिकण्याची इतकी पक्की पद्धत मी दुसरी पाहिली नाही. मार्चमध्ये तोंडी परीक्षा झाली. अब्ला नजवांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली आणि त्या म्हणाल्या, "आता तुम्ही अगदी कुवेतच्या आजीबाईसारखं बोलता. जरा तरुण व्हा." पण प्रमाणपत्र दिलं.

निघताना उम्म सालेमने ट्रंक स्वतः भरली. माझ्या यादीकडे बघितलंही नाही. खजूर, लूमी (वाळवलेली काळी लिंबं), उद आणि एक कंगवा. बंदरावर तिने माझी वेणी एकदा ओढून पाहिली, सैल नाही ना म्हणून.

बद्रियाची आणि माझी गाठ पडलीच नाही. मी रत्नागिरीला पोचले तेव्हा तिला जाऊन चार दिवस झाले होते. घर जागच्या जागी होतं. विहिरीजवळ कळशी पालथी, मांडणीत ताटं ओळीने. मी सवयीने चहाचं आधण ठेवायला उठले. हे म्हणाले, "बस जरा, मी ठेवतो." मी बसले. त्यांना इतकं आश्चर्य वाटलं की साखर घालायची राहिली.

संध्याकाळी ओट्यावर आले तर कुलसुम पायरीवर एकटीच बसलेली, शेजारी तेलाची वाटी. मला पाहून वाटी पदराखाली सारायला लागली.

"ही कोणासाठी गो?" मी विचारलं.

"कोणासाठी नाय भाभी. यळ झाली म्हणून घेतली. सवय लागली हाताला."

मी तिच्या पुढ्यात, एक पायरी खाली जाऊन बसले आणि अंबाडा सोडला.  तिने वाकून केसांतल्या उदाचा वास घेतला.

"बद्रियाच्या केसांना पण हाच वास येत होता, पयल्या दिवशी," ती म्हणाली आणि तेलात बोटं बुडवली.