लाल दिव्याच्या आत

करागंडाच्या विमानतळावर सापारगुलच्या खोलीत पाहुण्याला मज्जाव होता. कझाक बाईच्या दारातून माणूस बिनचहाचा परतावा, याहून मोठी नामुष्की नाही. पण तिचं कामच तसलं! विमान किती वळलं हे सांगणारी यंत्रं ती तपासायची. दगडी खांबावर निश्चल ठेवलं तरी ‘विमान जरासं वळलं’ असं यंत्र सांगतंच. ते किती खोटं बोलतं, हे मोजायचं आणि तेवढं वजा करायचं. त्या खांबाला कुणाच्या पावलाचा धक्काही चालत नसे. बाहेर लाल दिवा लागला की ही आत श्वास रोखून बसायची.

वर्षानुवर्षं असं बसल्यावर दुसरं काय होणार? जावा-नणंदांनी यायचं सोडलं. नवरा वारला. मुलगा दास्तान तर गेल्या हिवाळ्यात तोंडावर म्हणाला, “तुला माझ्यापेक्षा तुझा खांब प्यारा.” त्यावर या बाईनं घुम्यासारखं गप्प राहावं? पोटच्या पोराशी दोन शब्द बोलायला काय झालं होतं? तेव्हापासून दोघांत अबोला.

आज तो कामासाठी कोरियाला निघाला होता, कदाचित कायमचाच. मोठ्या विमानतळाकडे नेणाऱ्या गाडीआधी येऊन भेटतो, असा शेजारणीकरवी निरोप होता. सापारगुलनं बाउर्साक, कणकेचे फुगीर गोळे, तळून फडक्यात बांधून आणले. आणि नेमकं तेव्हाच रुग्णांना आणणाऱ्या विमानाचं यंत्र पुढ्यात आलं. दूर माळरानावर एक बाळंतीण अडली होती. नाही कसं म्हणणार? तिनं दिवा लावला.

सगळा वेळ तिचे कान दाराकडे. बाहेर कुणाची चाहूल नाही. दाराशी पाऊल वाजलं तरी थरथरणारी यंत्राच्या पडद्यावरची रेघ सरळ चालली होती, कुठे म्हणून कंप नाही. इतकी स्वच्छ रेघ तिला क्वचितच मिळायची. नाही आला, ती मनाशी म्हणाली. तिच्या डोळ्यांना धार लागली, पण पुसायला तिनं हातही उचलला नाही.

यंत्राची चूक नोंदवून, दिवा मालवून ती बाहेर आली, तर पहारेकरी तोक्तार म्हणाला, “आपा, तुमचा मुलगा आत्ताच गेला. गाडीची वेळ झाली त्याची.”

“आला होता?”

“मघापासनं दाराशी बसून होता की. मी हाक मारणार, तर माझंच तोंड दाबलं त्यानं. बाहेरच बूट काढून आला, अन् गेला तोही बूट हातात घेऊन. एवढ्या थंडीत, नुसत्या मोज्यांवर.”

गाठोडं घेऊन सापारगुल रस्त्यापर्यंत धावली. रस्ता रिकामा होता. परत येऊन ती दाराशी, तो बसला होता तिथंच फरशीवर बसली आणि मोठ्यानं रडली. आता आवाज करायला हरकत नव्हती.