भंडारा न उचललेलं मत

पुण्याला जायला निघालो त्या दिवशी पप्पांनी बेलापूरच्या स्टँडवर, एसटीच्या दारातच, डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. लांबलचक. त्यात माझी नोकरी आली, पुण्याचं पाणी आलं, ड्रायव्हरसुद्धा आला. शेवटी कंडक्टर म्हणाला, "मास्तर, आमेन करा आता. राहुरीत ट्रॅफिक लागंल." त्या कंडक्टरची नक्कल मी अजून करतो. पीजीतली पोरं लोळतात.

नक्कल हेच आपलं भांडवल. हिंजवडीत कस्टमर केअरला बसतो. हेडफोन लावला की असा तुपातला आवाज काढतो की आईसुद्धा राँग नंबर म्हणून फोन ठेवेल. मत मात्र अजून गावातच. म्हणून ग्रामपंचायतीच्या इलेक्शनला सागरनं पुण्यातल्या पोरांसाठी गाडी धाडली. सागर माझा एका बाकावरचा दोस्त, पहिल्यांदाच उभा होता. गाडीत त्याचे चुलते, नाना. ढाब्यावर जेवण झालं, नानांची नक्कल नानांनाच करून दाखवली. नाना डोळे पुसेपर्यंत हसले.

गावाच्या अलीकडं खंडोबाच्या देवळापाशी गाडी थांबली, सगळे उतरलो. सागर तिथं मोटारसायकल लावून उभाच होता. नानांनी ताट धरलं. बेल-भंडारा उचलायचा आणि म्हणायचं, मत सागरलाच. गावाकडच्यांना हे नवीन नाही, तुमच्यातल्या कितीकांनी उचललाही असेल. पोरांनी पटापट उचलला, परत गाडीत बसली. माझा नंबर आला.

आता मी काय मोठा भक्त नाही. चर्चला जातो तो नाताळात, तेही केकसाठी. पण आमच्या घरात शपथ घेत नाहीत. येशूनं नको म्हटलंय, विषय संपला. पप्पा एकदा कुणाच्या बांधाच्या केसमध्ये साक्षीला गेले, तिथंही घेतली नाही. कायद्यात तशी सोय आहे, नुसतं खरं सांगेन म्हणायचं. मला सांगायचे, "शब्द पातळ झाला की माणूस त्यात शपथेचं पीठ कालवतो."

"नाना, मत सागरलाच. व्हय म्हणतो की."

"व्हय समदेच म्हणत्यात. हात लाव."

"आमच्यात न्हाई चालत, नाना."

"आरं, खोटं खोटं उचल! चर्चातल्या पाळकाची नक्कल करतो, माझी करतो, ह्याची कर."

सोपं होतं. हात पुढं केलासुद्धा. पण जमेना. गाडीत पहिल्यांदाच कुणी हसत नव्हतं. म्हटलं, "सागऱ्या, तू तरी सांग." तो मोबाईलात बघत राहिला. नानांनी गाडीचं दार ओढून घेतलं. मी चालत घरी गेलो.

नानांचंही काही खोटं नव्हतं. खंडोबासमोर माणूस उलटत नाही, हा त्यांचा विश्वास, त्यावरच त्यांचं राजकारण उभं. माझा देवावर किती विश्वास आहे, मला सांगता येत नाही. पण मत मागून घ्यावं, बांधून घेऊ नये, हे माझ्यात कुठल्या पुस्तकातनं आलं नाही. पप्पांच्या त्या कंटाळवाण्या प्रार्थनांतनंच मुरलंय.

सकाळी मत दिलं. सागर थोडक्यात पडला.

लगेच गावात सुरू झालं, भंडारा कुणी उचलला नव्हता? मास्तरांच्या पोरानं. झालं. कायद्यानं मत गुप्त आहे, आणि तसंच असावं असं मलाही वाटतं. पण त्यामुळंच मी आता काही सिद्ध करू शकत नाही. मत कुणाला दिलंस, हे पप्पांनी विचारलंसुद्धा नाही. "खरं बोलला ना? मग झोप," एवढंच. ते झोपले. मी अजून कूस बदलतोय.

इथं दिवसभर अनोळखी लोकांना सांगतो, सर, काम होऊन जाईल. ते ठेवतात विश्वास, नाही ठेवला तरी मला फरक पडत नाही, पुढचा कॉल. गावातला एक माणूस माझा फोन उचलत नाही, तर पीजीत जेवण जात नाही. लांब गेलेल्यांनो, तुम्हाला घर कशानं आठवतं माहीत नाही. मला ते असं आठवतं.

सागऱ्या, तुलाच दिलं होतं रे.