घड्याळ वाजलं आणि मी उठले

पाठदुखीमुळे मी ऑफिसात तासाला एकदा उठून थोडा वेळ उभ्यानेच काम करते. आठवणीसाठी हातातलं घड्याळ वाजतं. तुमच्यापैकीही काही जण असंच करत असतील, म्हणून आजचं सांगते.

आई जाऊन महिना झाला. आज दुपारी तिची मैत्रीण शांतामावशी केमहून भेटायला सोलापूरला आली. परतीची गाडी लवकर होती, म्हणून थेट ऑफिसात. माझ्या टेबलाशी बसून तिने माझा हात धरला.

"तुझी आई लई हट्टी हुती बग. लग्नाआधी एकदा आमी दोगी घरात न सांगता..."

तेवढ्यात घड्याळ वाजलं आणि मी सवयीने उठून उभी राहिले.

मावशीला वाटलं, मी तिला निघायला सांगतेय. तिने पिशवी उचलली. दुखवट्याला आलेलं माणूस 'येते' म्हणत नाही, तशी ती काही न बोलता गेली.

मला हाक मारता आली असती. पण सगळ्यांसमोर रडू येईल अशी भीती वाटत होती, आणि ती गेल्यावर मला सुटल्यासारखं झालं. त्याचीच लाज वाटतेय.

रविवारी घड्याळ घरी ठेवून केमला जाणार आहे. तिच्या दारात उभी राहिल्यावर आधी काय बोलू, कुणी सांगाल का?