सगळं व्यवस्थित आहे, साहेब

गयामावशींना मी संडासात जाऊ दिलं नाही. हे मी केलं. दुसऱ्या कुणाच्या माथी मारावं असं त्यात काही नाही.

त्या सकाळी महापौर आमच्या वस्तीतलं सार्वजनिक शौचालय बघायला येणार होते. भिंतींना नवा पिवळा रंग दिला होता. टँकर मागवून सगळ्या नळांना पाणी आणलं होतं. आणि दाराला कुलूप लावलं होतं. साहेब येईपर्यंत कुणी वापरायचं नाही, घाण होईल. दारात राखणीला मी. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, किल्ली खिशात.

मावशी आमच्या शेजारच्या. आमच्यासारख्याच मराठवाड्यातून आलेल्या. साखरेचा आजार. पोट धरून आल्या.

"उघड रं बाबा. लई घाई झाली."

"थोडं थांबा मावशी. साहेब येऊन जाऊ द्या."

"तुझा साहेब येईस्तोवर म्या काय गाठ मारून बसू का?"

मंडपवाली पोरं हसली. मीही हसलो.

थोड्या वेळानं मावशींच्या लुगड्याखालून पायावर ओघळ आला. रांगोळी काढणाऱ्या बाया उठून बाजूला झाल्या. मंडपवाल्यांतला एक म्हणाला, "च्यायला, म्हातारीनंच उद्घाटन केलं." मावशींनी त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली आणि बादलीभर पाणी आणा म्हणून ओरडलो. साहेबांच्या वाटेवर डाग नको म्हणून.

आत आणखी एक गोष्ट होती. बायकांच्या बाजूची जमीन खचली होती. त्या स्लॅबखाली मैल्याची टाकी. पाय पडला की पोकळ आवाज यायचा. भेग इतकी रुंद की हात आत जाईल. बायका भिंतीला चिकटून चालायच्या. तेवढं एकच त्यांना महापौरांच्या नजरेला आणायचं होतं. त्या भेगेवर हिरवं कार्पेट मी अंथरलं. माझ्या हातांनी.

सांगितलं होतं आबांनी. आबा इथले मूळ गाववाले. शेतं गेली, त्यांच्या जागी गाळे आणि भाड्याच्या खोल्या आल्या, आणि आबांचा शब्द होता तिथंच राहिला. निघोज्याला ज्या कंपनीत मी कामाला जातो, तिथं कंत्राटी माणसं पुरवतो तो त्यांचा पुतण्या.

"साहेबांनी इचारलं तर काय बोलायचं, ठावं हाय न्हवं?" आबा म्हणाले. "न्हाईतर कंपनीची बस तुझ्यासाठी थांबायची न्हाई." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्यांनी लवकर काढला नाही.

महापौर आले. नाकाला रुमाल लावून आत गेले, मागोमाग मी. ते नेमके त्या कार्पेटवर उभे राहिले. मला खालचा आवाज ऐकू आला.

"सोय चांगली झालीय," ते बरोबरच्या अधिकाऱ्याला म्हणाले. "आता या लोकांना शिस्त लावा. फुकट मिळालं की किंमत राहत नाही यांना."

या लोकांना. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो.

मग ते माझ्याकडे वळले. बरोबरच्यांनी माझ्यासमोर मोबाइल धरलेले, चित्रण चालू. "काय, काही अडचण?"

"सगळं व्यवस्थित आहे, साहेब."

त्यांनी पाय उचलून पुढे टाकला. कार्पेट किंचित खाली दबलं. त्यांना ते मऊ वाटलं असेल.

कार्पेट गुंडाळून नेलं. दुसऱ्या दिवशी नळ कोरडे. भेग वाढत राहिली, आता भिंतीपर्यंत पोचली. मावशी तिकडे यायच्याच बंद झाल्या. उजाडायच्या आत नाल्याकडे जायच्या. माझ्याशी बोलत नव्हत्या. बायकोनं भाकरी नेऊन दिली तर, "ठेव तिथं," एवढंच. बायको संडासला गेली की ती परत येईपर्यंत मी बाहेर कान देऊन उभा राहायचो. काही कोसळल्याचा आवाज येतो का ते ऐकत.

मग महापौरांची लोकांशी संवादाची सभा लागली. वस्तीतल्या बायका गेल्या, मीही मागच्या खुर्चीत जाऊन बसलो. माइक मावशींनी घेतला.

"साहेब, आमच्या संडासाची जमीन खाली चाललीय. एखादी बाई आत जाईल. मग याल का?"

महापौर रागावले नाहीत. हसले. त्यांनी शेजारच्याला खूण केली आणि मागच्या पडद्यावर माझं तोंड आलं. पांढरा शर्ट. "सगळं व्यवस्थित आहे, साहेब."

सभागृह हसलं.

"आजी, हा तुमच्याच वस्तीतला ना? मग खोटं कोण बोलतंय? तुम्ही?"

मावशींनी माइक खाली घेतला. पुढच्या रांगेतून आबांनी वळून मला शोधलं.

कुणी मला धक्का दिला नाही. मीच उभा राहिलो. पुढे जाऊन मावशींच्या हातातून माइक घेतला.

"खोटं मी बोललो. तुम्ही ज्या कार्पेटवर उभे होता, त्याच्या खाली भेग होती. ते मी अंथरलं. त्या दिवशी दाराला कुलूप होतं. तुम्ही बघितलंत तसं शौचालय आम्हाला कधी वापरायलाच मिळालं नाही."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"भीती वाटली. आताही वाटतेय."

माइक बंद झाला. कुणी केला, दिसलं नाही. आबा अगदी हळू म्हणाले, "बस खाली, भावा. घरी पोरंबाळं हायेत." दाराजवळचे पोलीस खुर्चीवरून उठले.

मी तोंडानंच ओरडलो, "स्लॅब फोडून नवा कधी घालणार, तेवढं सांगा. काम सुरू होईपर्यंत रोज तुमच्या कार्यालयाच्या दारात येऊन बसेन. बस थांबली नाही तर दिवसभर बसेन."

महापौरांनी घड्याळ बघितलं. सभा संपली, असं कुणीतरी सांगितलं. खुर्च्या सरकायला लागल्या. आमच्या बायका जागच्या हलल्या नाहीत.

मी व्यासपीठाकडे पाठ केली. मावशी खाली बघत होत्या.

"मावशी," मी म्हणालो, "किल्ली माझ्या खिशात होती. तुम्ही माझ्यासमोर उभ्या होता, आणि मी दार उघडलं नाही. वर हसलो. तुम्ही मला माफ करावं असं मी काही केलेलं नाही. तरी या सगळ्यांच्या समोर मागतो. मला माफ करा."