इस्त्री केलेला डोंगर

"इस्त्री छान केलीय पोरीनं डोंगराला. एक सुरकुती म्हणून ठेवली नाही."

कॉफी मशीनपाशी हे वाक्य कानावर पडलं तेव्हा माझ्या हातात नुकताच छापून आणलेला नकाशा होता. जर्मनीत, कायझर्सलाउटर्न गावातल्या आमच्या लहानशा संशोधन संस्थेत मी नवीन होते. तिथं कुणी मराठी बोलणारं आहे हेच मला माहीत नव्हतं. पन्नाशीच्या एक बाई भिंतीवर लावलेल्या माझ्या दुसऱ्या एका नकाशाकडे बघत फोनवर बोलत होत्या. अंगावर कुल्लूची शाल, पायात चिखल सुकलेले जाड बूट.

मी खोकले. त्या वळल्या, माझ्या हातातला नकाशा पाहिला, गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचलं आणि फोनमध्ये म्हणाल्या, "ठेवते गं. जिच्याबद्दल बोलत होते ती मागेच उभी आहे. आणि मराठी निघाली."

दुसरं कुणी असतं तर ओशाळलं असतं. त्यांनी माझ्या हातातला नकाशा काढून घेतला.

"ह्याची दुसरी प्रत निघेल ना?"

मी मान हलवली. त्यांनी दोन्ही हातांनी त्या कागदाचा चक्क बोळा केला, घट्ट दाबला आणि मग अर्धवटच उलगडून टेबलावर ठेवला. कागदाला कडे आले, दऱ्या आल्या, मधेच एक उंच शेंडा उभा राहिला.

"हां. आता झालं हिमाचल. ही दोन गावं बघ. तुझ्या नकाशात शेजारी शेजारी होती. आता सांग, ह्या घरातली बाई त्या घरी साखर मागायला कशी जाणार?"

दोन गावांच्या मधे कागदाची भिंत होती. त्या बाई कॉफी घेऊन निघून गेल्या. तो चुरगळलेला नकाशा मी घरी नेला आणि का कोण जाणे, टाकला नाही.

त्यांचं माहेर फलटणचं. शेतकीच्या शिक्षणासाठी हिमाचलात गेल्या, तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं आणि तिथल्याच झाल्या. पुढे फळशास्त्रात डॉक्टरेट, सरकारी नोकरी, बागाईतदारांच्या बैठका. आमच्या संस्थेत त्या दोन वर्षांसाठी पाहुण्या संशोधक म्हणून आल्या होत्या. आम्ही एकाच खोलीत बसायचो. त्यांचं मराठी त्या माहेर सोडून गेल्या तेव्हाचं होतं, जसंच्या तसं जपलेलं, आणि त्यात हिंदी मिसळलेली. माझ्या मराठीत निम्मं इंग्रजी. कँटीनमध्ये आमचं बोलणं ऐकून एक जर्मन सहकारी म्हणाला होता की तुम्ही दोघी नक्की एकच भाषा बोलता ना?

माझी खरी अडचण वेगळीच होती. त्यांना हाक काय मारायची? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सगळ्या 'मिस' असायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बजावलं, "मॅडम म्हणू नकोस, मला फाइली आठवतात. काकू म्हणालीस तर बोलणार नाही." मग उरलं काय ते मला कळत होतं. पण तोंडातून निघत नव्हतं. तुमच्यापैकी काहींना हे समजेल. एखाद्याला नातं जोडून हाक मारणं म्हणजे परवानगी न घेता त्याच्या घरात शिरण्यासारखं मला वाटायचं. म्हणून मी सगळी वाक्यं बिनहाकेची करायचे. "चहा हवाय का?" "खिडकी लावू का?" आणि त्यांचं लक्ष नसेल तर खोकायचे.

त्यांना हे कळायला वेळ लागला नाही. "तू खोकलीस की समजते मी, माझं नाव आलं," त्या म्हणायच्या. एकदा मला खरंच सर्दी झाली, तर दिवसभर दर थोड्या वेळानं वळून "काय गं?" विचारून त्यांनी मला हैराण केलं.

कुठलाही डोंगर दिसला की त्या एकच प्रश्न विचारत, "वर काय नेतात? खाली काय येतं?" आमच्या गावाभोवतीच्या जंगलातल्या टेकड्यांबद्दलही त्यांनी आमच्या प्राध्यापकांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, वर सँडविच नेतात, खाली मोकळे डबे येतात. त्या मनापासून हसल्या. पण नंतर मला म्हणाल्या, "बघ, किती सुखी डोंगर आहे."

हिमाचलाचं वर्णन त्या करायच्या तेव्हा फोटोतलं बर्फ त्यात नसायचं. "आमचा जिल्हा आडवा नसतो, उभा असतो. खाली टोमॅटो, त्यावर सफरचंद, त्याच्यावर बटाटा, मटार आणि मग नुसती मेंढरं. तू पुण्याहून साताऱ्याला गेलीस तर भाजी बदलते का? आमच्याकडे दुपारभर चढलं की ऋतू बदलतो." आणि मग विणत विणत, कारण त्यांच्या हातात कायम लोकरीचा मोजा असायचा, "आता उष्मा वाढला. सफरचंदं वर वर चाललीत आणि पोरं खाली. मधे कुठंतरी एकमेकांना राम राम करत असतील."

त्यांना डोंगरातल्या साध्या-भोळ्या आयुष्याचं कौतुक केलेलं मात्र चालायचं नाही. एकदा मी काहीतरी तसं बोलले. त्या विणकाम थांबवून म्हणाल्या, "आमच्या गावाला रस्ता आला तेव्हा माझी सासू रडली होती. आनंदानं. तिनं बाळंतपणाला अडलेल्या बायका पाठीवर बांधून खाली नेताना पाहिल्या होत्या. रस्ता हवाच. पण रस्ता आला म्हणजे झालं, असं समजून साहेब लोक परत जातात. तो पावसात वाहून गेला की कुणी बघायला येत नाही. नद्यांची वीज आम्ही खाली देतो, पाणी खाली देतो. सफरचंद तेवढं पाठीवर."

मोझेल नदीच्या काठी आमची सहल गेली होती, ती गोष्ट सांगायलाच हवी. तिथल्या द्राक्षमळ्यांचा उतार इतका उभा की माणूस धड उभा राहू शकत नाही. त्या उतारावरून एक दातेरी रूळ जातो आणि त्याच्यावरून लहानशी गाडी द्राक्षांचे क्रेट घेऊन खाली उतरते. ती गाडी पाहिली आणि बाई वाइनचा ग्लास तसाच ठेवून निघाल्या. मळेवाल्या म्हाताऱ्याला त्यांनी तिची किंमत, इंजिन, दुरुस्ती, बर्फात काय होतं, सगळं विचारलं. मी मधे उभी राहून जर्मन करत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, मला बसायचंय."

म्हातारा म्हणाला, ही फक्त द्राक्षांसाठी आहे, पिकलेल्या मालासाठी.

हे मात्र त्यांना माझ्याशिवायच कळलं. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि आपल्या मोडक्या जर्मनमध्ये ऐकवलं, "मी पण पिकलेलीच आहे!"

शाल सावरत, क्रेटमध्ये पाय पोटाशी घेऊन त्या उतारावरून खाली गेल्या. आम्ही सगळे वर उभे राहून टाळ्या वाजवत होतो. खाली पोचल्यावर त्यांनी हात हलवला नाही. त्या तो रूळ बघत बसल्या होत्या.

आमच्या प्रकल्पाचा विषय असा होता: हिमाचलातल्या एका खोऱ्यात सफरचंद साठवायची शीतगृहं कुठं बांधावीत. खाली, महामार्गाजवळ एकच मोठं केंद्र करायचं, की वरच्या गावांमध्ये लहान लहान करून माल तारेवरच्या पाळण्यानं, म्हणजे मालवाहू रोपवेनं, खाली आणायचा? आम्ही शिफारस करणार आणि तिथलं सरकार त्यावर विचार करणार. त्यांचं सासर त्याच खोऱ्यात, वरच्या गावात. सफरचंदं उतरवायची वेळ आणि पावसाची वेळ तिथं एकच. दरड कोसळली की रस्ता बंद, आणि पेट्या रस्त्याच्या कडेला सडतात. एकदा सडल्या की माणूस सहन करतो. दर वर्षी सडल्या तर मुलगा चंदीगडला नोकरी शोधतो आणि बाग वाळते. त्यांचा पुतण्या तसाच निघायच्या बेतात होता. "ह्या वर्षी थांबतो म्हणालाय," त्या सांगायच्या. "पुढचं माहीत नाही."

पण हे त्या बैठकीत बोलू शकत नव्हत्या. जर्मन लोकांचा एक नियम असतो. ज्याचा स्वतःचा संबंध एखाद्या निर्णयात गुंतलाय तो 'बेफांगन', त्यानं त्या चर्चेला बसायचं नाही. आपलं घर तिथं आहे हे त्यांनी स्वतःच पहिल्या दिवशी लिहून दिलं होतं. त्यामुळे शिफारशीचा विषय आला की प्राध्यापक अगदी दिलगिरीनं त्यांच्याकडे बघायचे आणि त्या विणकामाची पिशवी उचलून बाहेरच्या बाकावर जाऊन बसायच्या. दाराला दुधी काच होती. काचेपलीकडे त्यांची शाल आणि हलणारे हात एवढंच अस्पष्ट दिसायचं.

"राग नाही येत?" मी एकदा विचारलं.

"छे. नियम चांगला आहे. नाहीतर उद्या म्हणतील, सून बोलली." मग माझ्याकडे न बघता, "तू आहेस की आत."

मी आत होते. पण बैठकीत मी कधीच बोलत नसे. मी आकडे द्यायचे, तक्ता लावायचे, गप्प बसायचे.

आता त्या इथं नाहीत. करार संपला आणि हंगाम सुरू व्हायच्या आत त्या परत गेल्या. त्यांच्या टेबलावर ड्रेस्डेनहून आलेला एक मुलगा बसतो. त्याचा पहिला नकाशा मी चुरगळला तेव्हा तो फार घाबरला होता, आता तो स्वतःच चुरगळून आणतो. थंडीत माझ्या पायात लाल-हिरव्या नक्षीचे मोजे असतात.

त्यांचा आवाज अधूनमधून फोनवर येतो, मागे गाई, कुत्रा आणि वारा. खोऱ्यात मोठं केंद्र झालं नाही. आधी एकाच वरच्या गावात लहान शीतगृह आणि एक पाळणा करून बघायचं ठरलं. हे गाव त्यांचं नाही, डोंगराच्या धारेपलीकडचं आहे, आणि त्याचाच त्यांना जास्त आनंद झाला. "आता कुणी सून म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. पहिली पेटी तारेवरून गेली त्या दिवशी त्यांची सासू मुद्दाम बघायला गेली होती. "मला म्हणाली, मी बसते. मी म्हटलं, आई, हा पिकलेल्या मालासाठी आहे. तर म्हणते, मग मी काय कच्ची आहे?" पुतण्या अजून गावात आहे. त्या पाळण्याच्या मोटारीचं काम शिकतोय.

हे सगळं सुरू झालं ती बैठक मात्र त्या इथं असतानाच झाली. शेवटची बैठक. पडद्यावर हिमाचलातले दोन अधिकारी, खोलीत आम्ही सहा जण, आणि त्या नेहमीप्रमाणे बाहेर. माझ्याच तक्त्यात खालचं एक मोठं केंद्र सगळ्यात स्वस्त दिसत होतं. प्राध्यापकांनी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय? सगळ्यांच्या मुठी टेबलावर होत्या. इकडे बैठक संपली की टाळ्यांऐवजी टेबल ठोकतात.

मी खोकले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि आता बोलणं भाग होतं.

"ह्या तक्त्यात रस्ता वर्षभर चालू धरलाय," मी म्हणाले.

"गेनाऊ, बरोबर," प्राध्यापक म्हणाले. "रस्ता आहे ना?"

"आहे. पण सफरचंदांच्या वेळी तो चालतो का?"

प्राध्यापकांनी पडद्याकडे पाहिलं. दोघा अधिकाऱ्यांपैकी वयस्कर होते ते प्रामाणिकपणे हसले. म्हणाले, हे कागदावर नाही मिळणार, हे तिथं राहणाऱ्यालाच विचारावं लागेल.

प्राध्यापक दाराकडे बघून हळूच म्हणाले, "पण त्या बेफांगन आहेत."

"निर्णय त्यांनी घेऊ नये," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटत होता. "उत्तर तर देऊ शकतात."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आल्झो, ठीक आहे," ते म्हणाले, "बोलवा."

मी उठले आणि दार उघडलं. त्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर अर्धा मोजा, नजर सुयांवर. दार उघडल्याचं त्यांना कळलं होतं. पण त्यांनी वर पाहिलं नाही, माझ्या खोकल्याची वाट बघत राहिल्या.

"ताई," मी म्हणाले, "आत या."